ढब्बू पिवळी होईपर्यंत

आमच्या निपाणी-बेळगावकडं ढब्बू म्हणजे हिरवीच. ढब्बू मिरची, जिला पुण्यामुंबईची माणसं भोपळी नाहीतर सिमला मिरची म्हणतात ती. तिला दुसरा रंग असतो हे लग्न होऊन बेंगळूरला येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. इथं आल्यावरही लाल-पिवळ्या ढब्बू मी दुकानात लांबूनच बघायची. ती वेगळी जात, महागाची, पिझ्झ्यावर घालायची, असा माझा समज. नवऱ्याचाही तोच. या समजाचा मला पुढं केवढा उपयोग झाला, तेच सांगायला बसलेय.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं के. आर. पुरमला आले ते हाताला प्लास्टर घालूनच. सासूबाई जाऊन चार महिने झाले होते. निपाणीच्या घरी ते एकटेच राहायचे, न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. नवरा गाडी करून गेला आणि त्यांना घेऊन आला. हात बरा होईपर्यंत इथं, मग परत, असं ठरलं होतं. हात दीड महिन्यात बरा झाला. मग मोतीबिंदू निघाला. मग बी.पी. निघालं. मग ऊन फार आहे, मग पाऊस फार आहे. असं करत करत दीड वर्ष गेलं.

निपाणीला त्यांचं असं काय होतं म्हणाल, तर दोन खोल्या, पुढं कट्टा, आणि सकाळी त्या कट्ट्यावर येऊन बसणारे त्यांच्याच वयाचे तिघं. जन्म सगळा तंबाखूच्या वखारीत गेला. तिथलेच हे सोबती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गल्लीत जो तो हेल्मेट घालून पळतोय. मामंजींना कन्नड चांगलं येतं, पण बोलणार कुणाशी? बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. स्टेशनातल्या गाड्यांचा भोंगा ऐकू यायचा. सुरुवातीला विचारायचे, ही बेळगावची का गं? मी सांगायची, नाही मामंजी, इथून जाणाऱ्या बहुतेक गाड्या मद्रासकडच्या. पुढं पुढं विचारायचे बंद झाले.

दर रविवारी नाश्त्याला एक प्रश्न मात्र ठरलेला. "मग कवा सोडतोस मला?"

"बघू आप्पा," नवरा म्हणायचा, पेपरातून डोकं न काढता.

"मला माज्या कट्ट्यावर बसायचंय. दुसरं काय न्हाई."

आणि मी आतून ओरडायची, "पोहे गार व्हायला लागलेत." मी रागीट आहे. दर रविवारी तोच विषय, तेच उत्तर, माझ्या डोक्याला ताप व्हायचा.

एका रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातलं एक पुण्याचं जोडपं जेवायला यायचं होतं. आपणही काही कमी नाही हे दाखवायची मला हौस. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पिवळी ढब्बू आणली, सॅलडमध्ये घालायला. देठाकडून कापली, आतला बियांचा गड्डा काढला आणि कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात मामंजी दारातून म्हणाले, "थांब, थांब. टाकू नगंस."

गड्डा हातात घेतला, एक बी नखानं दाबून बघितली. "ही पिकल्याली हाय. बी तयार हाय हिची."

नवरा हसला. "आप्पा, पिकलेली नाही ती. जातच पिवळी आहे. फॉरेनची. आपली हिरवी वेगळी."

"मिरची ती मिरची. हिरवी असती, पिकली की रंग धरती."

"लवंगी धरते रंग. ढब्बू कुठं धरते? निपाणीच्या बाजारात कधी लाल-पिवळी ढब्बू बघितलीय तुम्ही?"

"बाजारात कशी दिसंल? पिकायच्या आदीच तोडत्यात सगळी."

नवऱ्याला पाहुणे यायच्या आधी अंघोळ करायची होती. त्याला वाद मिटवायचा होता, बस्स. "बरं, लावा. तुमच्या झाडाला पिवळी ढब्बू लागली ना, दुसऱ्या दिवशी निपाणीला नेऊन सोडतो."

"शब्द?"

"शब्द!" असं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकून तो गेलासुद्धा. मला वाटलं, चला, निदान आजच्यापुरता तो विषय मिटला.

मामंजींनी बिया पेपरावर पसरून आठ दिवस सावलीत सुकवल्या. राखेत ठेवायच्या असतात म्हणे. फ्लॅटमध्ये राख कुठली? देवापुढच्या उदबत्तीची राख रोज चिमूटभर गोळा केली. श्रीखंडाच्या डब्याला तापल्या खिळ्यानं भोकं पाडली. माती पाहिजे म्हणून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जायचे आणि दुधाच्या पिशवीतून एवढी एवढी माती घेऊन तीन जिने चढायचे. मी करवादायची. "पडलात म्हणजे? दुसरा हात मोडून घ्यायचाय का? आणि ही माती कोण पुसणार?" ते खांद्यावरच्या पंच्यानं फरशी पुसायचे. मग मला आणखी राग यायचा, कारण तो पंचा धुवायचा मीच.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून बाल्कनीत नेलं. "तरू आला बघ." आमच्याकडं मिरची-तंबाखूच्या रोपाला तरू म्हणतात. डब्यात आठ कोंब, माना वाकवून उभे. पुढं त्यांनी त्यातला एकच ठेवला, बाकीचे उपटले, आणि तो रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला. सगळे का नाही ठेवले विचारलं, तर म्हणाले, "एकीनं काम व्हतंय माजं."

तेव्हापासून माणूस बदलला. दिवसात दहा शब्द न बोलणारे मामंजी माझ्याशी बोलायला लागले. मला बारा वर्षं घरात बसून काढल्यावर जवळच्या एका शाळेत हिंदी शिकवायचं काम मिळालं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. त्याबद्दल इथं काही लिहायचं नाही. पण ती शाळा मला किती हवी होती ते त्यावरून समजा. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की मामंजी शेजारी खुर्ची ओढून बसायचे. "ही पोरं 'मैं खाती है' लिवत्यात व्हय गं?" म्हणून खो खो हसायचे. मला ते आवडायचं. माझ्या वडिलांनी कधी माझी वही उघडून बघितली नव्हती.

झाड गुडघ्याएवढं झालं आणि पानं आकसायला लागली. बोकड्या पडला म्हणाले. त्यावर तंबाखूचं पाणी मारायला पाहिजे. आता डॉक्टरांनी आणि मी मिळून त्यांची तंबाखू कधीच बंद केली होती. "तुमच्यासाठी की झाडासाठी?" मी विचारलं. "झाडासाटी गं बाई, देवाशप्पत." पुडी आणून दिली. रात्रभर भिजवून ते पाणी पानांवर शिंपडलं. झाड सुधारलं, आणि मामंजींचा गालही दोन दिवस जरा फुगलेला दिसला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. खरं सांगते, त्या घरात आम्ही दोघं तेवढे महिने सुखात होतो.

फुलं लागली ती गळायची. मामंजी रोज सकाळी एकेका फुलाला बोटानं हलकी टिचकी मारायचे. दहा-बारा गळल्यावर एक टिकलं. त्याची लिंबाएवढी, मग मुठीएवढी ढब्बू झाली. झाडावर एकच. मामंजींनी निपाणीला शेजाऱ्याला फोन केला, दारं-खिडक्या उघडून ठेव, घर झाडून घे. नवरा चेष्टा करायचा. "काय आप्पा, हिरवी की पिवळी?" "हिरवी हाय अजून." "हिरवीच राहणार ती!"

एका सकाळी तो मोजे शोधत होता, तेव्हा मी सहज विचारलं, "आणि झालीच पिवळी, तर?"

"होत नाही गं."

"पण समजा झाली?"

"मग काय, तू जा त्यांच्याबरोबर. एकट्याला कसं ठेवायचं? वर्षभर राहा. नाहीतरी तुझी शाळा काय, हिंदी शिकवायचं, तिकडं कुठंही मिळेल. माझा दुसरा मोजा कुठाय?"

माझी शाळा काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जूनमध्ये मला कायम करणार होते. हेडमिस्ट्रेसनी तसं सांगितलं होतं, मी त्यालाही सांगितलं होतं, आणि त्यानं 'अरे वा' म्हणून फोन बघितला होता. पण मी भांडले नाही. ढब्बू पिवळी होतच नाही, मग भांडायचं कशाला? मोजा शोधून दिला. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि मामंजी खुर्चीत होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं खाली भाजीची गाडी आली. भाजीवालीकडं दोन ढब्बू अर्ध्या हिरव्या, अर्ध्या पिवळ्या होत्या. नासलेल्या असतील म्हणून मी बाजूला सारल्या. ती हसली. "चेन्नागिदे अक्का. हण्णागुत्ते." चांगल्या आहेत, पिकताहेत. मी विचारलं, म्हणजे हिरवीच पिवळी होते? ती म्हणाली, मग काय, झाडावर ठेवली की होणारच. दप्प मेणसिनकाई, म्हणजे ढब्बू, सगळी अशीच. तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला माझीच लाज वाटली.

मी वर आले. मामंजी बाल्कनीत होते. त्यांना म्हणता आलं असतं, मामंजी, तुम्ही म्हणत होता ते खरं हो. नवऱ्यालाही सांगता आलं असतं, की आता नीट विचार करा, माझ्याऐवजी दुसरी काही सोय बघा, एखादी बाई ठेवा तिथं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. कांदे-बटाटे टोपलीत टाकले आणि स्वयंपाकाला लागले.

पुढच्या शनिवारी नवरा त्यांना डोळे तपासायला घेऊन गेला. शाळेला सुट्टी होती. मी झाडाला पाणी घालायला बाल्कनीत गेले. ढब्बू भिंतीकडच्या बाजूला वाकून बघितली, तर खाली रुपयाएवढा पिवळा डाग. हात लावून बघितला, घासून बघितला. जाईना.

मी काही भान सुटून तोडली नाही. ते म्हणायला सोपं गेलं असतं. मी आधी आत जाऊन बेसन आहे का बघितलं. विळी काढली. मग बाल्कनीत आले आणि देठाजवळून तोडली. डागाचा तुकडा आधी कापून वेगळा केला आणि तसाच कच्चा खाऊन टाकला. गोड होता. एकट्या ढब्बूची भाजी तिघांना पुरणार नाही म्हणून फ्रीजमधल्या दोन हिरव्या त्यात चिरल्या, आणि पीठ पेरून भाजी केली, आमच्याकडं करतात तशी, वरून खोबरं-कोथिंबीर घालून.

ते दोघे दीड वाजता आले. मामंजी चपला काढून नेहमीसारखे सरळ बाल्कनीत गेले. मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच धरून ऐकत राहिले.  थोड्या वेळानं ते आत आले, हात धुतले, आणि पाटावर बसले.

त्यांनी विचारायच्या आत मीच सुरू केलं. "मामंजी, तुमच्या झाडाची ढब्बू केलीय बरं का आज! मस्त भरली होती. म्हटलं, पहिली तुमच्याच ताटात."

नवरा हसता हसता ठसकला. "अगं ए! पिवळी व्हायची म्हणून ठेवली होती त्यांनी! घ्या आप्पा, गेली तुमची निपाणी पोटात!"

"अय्या, हो का?" मी म्हणाले. काय माझा आवाज होता, मलाच अजून ऐकू येतो. "मला कुठं ठाऊक! आपल्याकडं हिरवीच तोडतात की ढब्बू."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी वहीतली चूक बघून एखाद्या पोराकडं बघते तसं, किती वेळ लिहीत बसलं असेल बिचारं, असं. मग घास घेतला. "चांगली झालीया," म्हणाले. ताटातली सगळी भाजी संपवली. "दुसरी लागेल हो मामंजी," मी म्हणाले. "लागंल की," ते म्हणाले.

सोमवारी त्यांच्या खोलीत केर काढताना कॉटखाली केरसुणी अडकली. त्यांची प्रवासाची बॅग होती. नेहमी कपाटावर असायची. ओढली, तर जड. उघडली. दोन धोतरं, तीन शर्ट, बी.पी.च्या गोळ्या, मोबाईलचा चार्जर, रुमालात बांधलेली निपाणीच्या घराची किल्ली, आणि सासूबाईंचा फोटो, पंच्यात गुंडाळलेला. शर्ट मी शुक्रवारी संध्याकाळी इस्त्री करून दिलेले होते. म्हणजे बॅग शनिवारी सकाळी भरली होती, दवाखान्यात जायच्या आधी. डाग त्यांनी माझ्या आधी बघितला होता. संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचं मनात असणार.

म्हणजे मी 'मला कुठं ठाऊक' म्हणाले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी फोटो परत पंच्यात गुंडाळला. मग चेन लावली आणि बॅग होती तशी आत सरकवली. दुसरं काय करणार होते? त्यांनीही ती एकदम रिकामी केली नाही. रोज सकाळी अंघोळीनंतर त्यातून एकेक कपडा काढून घालायचे. धुतलेला कपाटात जायचा. पाच-सहा दिवसांनी फोटो परत फळीवर आला. बॅग कपाटावर गेली. नवऱ्याच्या यातलं काहीही लक्षात आलं नाही.

बाल्कनीत ते बसायचे, पण तोंड आत करून. झाडाला पाणी मी घालायची. फुलं आली. मी टिचक्या मारून बघितल्या, पण माझ्या हातानं एकही टिकलं नाही. पुढं पानं परत आकसली. मी तंबाखूची पुडी आणून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

जूनमध्ये मी कायम झाले. पेढे आणले. पहिला मामंजींच्या हातावर ठेवला आणि न राहवून म्हणाले, "मामंजी, दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं जाऊ निपाणीला. आठ दिवस राहू. मी नेते तुम्हाला."

ते पेढा धरून बसले. म्हणाले, "आठ दिसांनी परत यायचं व्हय? मग त्यापरीस न्हाई गेल्यालं बरं."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मामंजी, माझं चुकलं हो." काय चुकलं ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. "शाळा ऱ्हायली न्हवं तुजी? मग झालं तर. रडू नगंस."

पुढच्या थंडीत ते गेले. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत संपलं सगळं, इथंच, बेंगळूरला. तेरावा निपाणीच्या घरी केला. कट्ट्यावरच्या तिघांपैकी दोघं उरले होते, ते आले. शेजारीपाजारी आले. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हाताऱ्याला एकटं नाही सोडलं, म्हणाल्या. मी खाली मान घालून वाढत होते.

जेवणं झाल्यावर पान खाताना नवऱ्यानं ढब्बूची गोष्ट काढली. त्याला वाटलं, सगळे गप्प आहेत, जरा हसतील. आप्पांनी पैज कशी लावली, उदबत्तीची राख कशी गोळा केली, आणि मी नेमकी भाजी करून कशी वाढली, सगळं रंगवून सांगितलं. सगळे हसले. त्या दोघांतले एक हसता हसता डोळे पुसत माझ्याकडं वळले.

"काय गं बाई, हिरवीच तोडलीस व्हय? चार दिस थांबायचं न्हाई? पिकायला लागल्याली कळली न्हाई तुला?"

मी मामंजींच्या घरात, त्यांच्या फोटोसमोर उभी होते. हातात सुपारीचं तबक होतं. सगळे माझ्याकडं बघत होते, नवरासुद्धा.

"नाही हो," मी म्हणाले, "कळलंच नाही मला." आणि सुपारी पुढं केली.